मुलीचं पहिलं घर, आईबाबांचे पैसे: करारात नाव कुणाचं?

शेजारच्या मुलीने ठाण्यात घोडबंदर रोडला ७० लाखांचा फ्लॅट बुक केला. पैसे निम्मे बाबांचे, म्हणून फॉर्मवर त्यांचंही नाव चढलं. कराराचा मसुदा आला तर मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार. बाबांचं नाव काढल्यावर तेच ४ लाख २० हजार झालं.

एप्रिल २०२१ पासून राज्यात निवासी घर फक्त महिलेच्या नावे घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ठाण्यात ७ ऐवजी ६ टक्के. सगळे खरेदीदार महिलाच हव्यात. आईचं नाव चालतं, बाबांचं आलं की सवलत गेली. नोंदणी फी मात्र तीच: १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

नाव न घालता पैसे द्यायचे तर बक्षीस म्हणून द्या. आईवडिलांनी मुलांना दिलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही, मग ती कितीही असो. फक्त खात्यातून खात्यात द्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आणि पैसे उसने असतील तर ही मर्यादा थेट २० हजारांवर येते. कर्ज देणारी बँक मुलीच्या खात्यात अचानक आलेल्या १५ लाखांबद्दल विचारणारच. तेव्हा ‘ही रक्कम परत घ्यायची नाही’ असं साधं सहीचं पत्र, आईबाबांचं पॅन आणि एफडी मोडल्याची नोंद दिसणारं स्टेटमेंट लागतं. पत्र त्याच आठवड्यात करून ठेवा. नंतर मागच्या तारखेचं करायला जाऊ नका.

पगार कमी पडत असेल तर बाबा सहकर्जदार होऊ शकतात, मालक न होता. पण निवृत्तीजवळचे बाबा कर्जात आले की काही बँका मुदत त्यांच्या वयावर मोजतात आणि हप्ता फुगतो. शिवाय मालकी नसेल तर त्यांना व्याजाची वजावटही नाही.

म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत भरणाऱ्यांनी हे आधीच बघावं. मुंबई महानगरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प आणि १२ पर्यंत मध्यम गट. कुटुंब म्हणजे अर्जदार आणि पती किंवा पत्नी. आईबाबांचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. त्यांचं स्वतःचं घर असलं तरी अडत नाही. अडतं कुठे, तर त्याच शहरातल्या त्यांच्या फ्लॅटवर ‘पुढेमागे तिचंच आहे’ म्हणून मुलीचं नाव आधीच लावलेलं असेल तर. अर्जाला आधार, पॅन, अधिवास दाखला आणि आयटीआर किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. लग्न झालं असेल तर जोडीदाराचीही कागदपत्रं.

खासगी बिल्डरकडे किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे बिल्डरला द्यायच्या रकमेतून आधीच कापलेला प्राप्तिकर, भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

शेजाऱ्यांचं नाव बदलण्याचं काम एका ईमेलवर झालं, कारण मुद्रांक शुल्काचं चलन भरलेलं नव्हतं. ते भरलं असतं तर परताव्याच्या अर्जामागे धावत बसले असते.