गोळीच दुखणं वाढवते तेव्हा

सर्दी कधीचीच गेलेली असते पण नाकात टाकायचे ड्रॉप्स सुटत नाहीत, रात्री उशाशी बाटली नसली तर झोप येत नाही, अशी माणसं तुम्ही बघितली असतीलच. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असली औषधं नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात, त्यामुळे काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण हे आठवडाभराच्या वर चाललं की अंमल उतरल्यावर त्याच रक्तवाहिन्या परत फुगतात, मग परत थेंब, परत चोंदणं. माणूस म्हणतो सर्दी जुनाट झाली, पण नाक आता औषधामुळेच चोंदतंय हे लक्षातच येत नाही. सोडवायला काही डॉक्टर आधी एकाच नाकपुडीत ड्रॉप्स बंद करायला सांगतात, ती मोकळी झाली की मग दुसरी.

डोकेदुखीचं पण सेमच. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी महिन्यातले 15 दिवस साधी पॅरासिटामॉल घेतली आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. कोडीनवाल्या (म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक असलेल्या) गोळ्यांना तर महिन्यातले 10 दिवसच पुरतात.

कोडीन तर वेगळंच प्रकरण आहे. खोकल्याच्या काही सिरपमध्ये ते असतं आणि लिव्हर त्यातला थोडा भाग चक्क मॉर्फिनमध्ये, म्हणजे त्याच जातीच्या जास्त कडक औषधात बदलतं, काहींचं लिव्हर हे काम इतकं फास्ट करतं की नेहमीचा डोसही जास्त होतो. (बायर कंपनीने 1898 मध्ये हेरॉइनसुद्धा खोकल्याचं औषध म्हणूनच विकायला काढलं होतं!)

मला सगळ्यात जास्त भीती मात्र अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्यांची वाटते, कारण त्या डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या असतात आणि कुणाला संशयच येत नाही. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या रसायनाचं काम त्या वाढवतात, मग मेंदूही स्वतःचा ब्रेक हळूहळू ढिला सोडतो, आणि हे व्हायला काही आठवडे पुरतात. यात नशा करायची हौस लागत नाही, डोस वाढवावा लागतोच असंही नाही, नुसती शरीराला सवय झालेली असते. एक दिवस गोळी चुकली की धडधड, घाम, झोप गायब, आणि पेशंटला वाटतं जुना आजार उलटला, बघा गोळी किती गरजेची आहे! अशा वेळी जिद्दीने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस थोडा थोडा करत, कधी कधी कित्येक महिने लावून उतरवतात.