ईगल आर्टिलरी (क्लॅश ऑफ क्लॅन्स)

ईगल आर्टिलरी ही ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या मोबाइलवरील रणनीतीच्या खेळातील लांब पल्ल्याची बचावात्मक तोफ आहे. हेलसिंकी येथील सुपरसेल या कंपनीने २०१२ मध्ये हा खेळ आणला आणि डिसेंबर २०१५ मध्ये अकराव्या टाऊन हॉलबरोबर (टाऊन हॉल म्हणजे गावाची मुख्य इमारत; तिच्या पातळीवरून गावाची पातळी ठरते) ही तोफ त्यात दाखल झाली. ग्रँड वॉर्डन हा नायकही (सैन्यासोबत लढणारे खास पात्र) त्याच वेळी आला. एका गावात अशी एकच तोफ बांधता येते.

तिचा पल्ला ५० टाइलचा (टाइल म्हणजे जमिनीवरचा एक चौकोन) आहे आणि गावाची बांधकामाची जागा ४४ बाय ४४ टाइलची, त्यामुळे ती मध्यभागी उभी असेल तर गावाचा एकही कोपरा तिच्या माऱ्यातून सुटत नाही. जमिनीवरचे आणि हवेतले असे दोन्ही प्रकारचे सैन्य ती टिपते. साधारण दहा सेकंदांच्या अंतराने ती तीन गोळ्यांची एक फैर झाडते आणि ज्या घोळक्याची एकूण जीवनशक्ती मोठी, त्याच्याकडे वळते. तोफेच्या अगदी जवळ, सात टाइलच्या आत आलेल्या सैन्यावर मात्र तिला मारा करता येत नाही.

इतर बचाव समोर कोणी आले की लगेच सुरू होतात, ही तोफ तसे करत नाही. आक्रमकाने २०० हाउसिंग स्पेसइतके (सैनिक किंवा जादू किती जागा घेते त्याचा आकडा) बळ मैदानात उतरवेपर्यंत ती निद्रिस्त असते. या हिशेबात प्रत्येक नायकाचे २५ धरले जातात आणि जादूच्या हाउसिंग स्पेसची पाचपट मोजली जाते. तोफेचा सर्वात विचार करायला लावणारा भाग हाच आहे, कारण तिच्यामुळे सैन्य कोणते घ्यायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने सोडायचे याला महत्त्व आले.

क्वीनला हीलरच्या साथीने पुढे पाठवण्याच्या ‘क्वीन चार्ज’ या पद्धतीत हा हिशेब स्पष्ट दिसतो. आर्चर क्वीन या नायिकेचे २५ आणि तिच्यामागच्या पाच हीलरचे (तिच्या जखमा भरून काढणारे उडते सैनिक), प्रत्येकी १४ प्रमाणे, ७० असे ९५ होतात. भिंती फोडायला पाच वॉल ब्रेकर सोडले की १०५, दोन रेज (सैन्याचा जोर वाढवणारी जादू) टाकल्यावर १२५ आणि तीन फ्रीझ (बचाव गोठवणारी जादू) वापरले की १४०. एवढ्या बळावर क्वीन तोफेपर्यंत पोहोचून तिला पाडू शकली, तर उरलेल्या सैन्याला एकही फैर झेलावी लागत नाही. याउलट घाईने आणखी दोन नायक सोडले तर आकडा १९० वर जातो आणि पुढचे एखादे जड सैन्य पडताच तोफ जागी होते.

तोफ वेळेत पाडता येणार नसेल, तर तिचा मारा निष्प्रभ करावा लागतो. ग्रँड वॉर्डनची ‘इटर्नल टोम’ ही क्षमता आसपासच्या सैन्याला काही सेकंद अभेद्य करते. फैरीचा ठोका ओळखून गोळे पडण्याच्या बेतात ती वापरली तर संपूर्ण फैर वाया जाते, मात्र जरा लवकर वापरली की सैन्य उघडे पडते. फ्रीझने तोफ थोडा वेळ थांबते. लाइटनिंग आणि अर्थक्वेक या जादू मिळून तिला दुरूनच पाडणे शक्य असले, तरी त्यात जादूचा मोठा वाटा खर्च होतो आणि मुख्य सैन्याच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. आसपासच्या आणखी इमारती त्यात सापडत असतील तेव्हाच हा सौदा परवडतो.

बचाव करणाऱ्याने या सर्व वाटांचा विचार करूनच जागा ठरवावी लागते. तोफ टाऊन हॉलला खेटून ठेवली तर एकाच धडकेत दोन्ही जातात. ती कडेला असेल तर क्वीन बाहेरूनच तिच्यापर्यंत पोहोचते. म्हणून अनुभवी खेळाडू तिला आतल्या कप्प्यात ठेवून त्या वाटेवर एकाच लक्ष्यावर केंद्रित होणारा इन्फर्नो टॉवर आणि हीलरना पाडणारे एअर डिफेन्स बसवतात. हीलर पडले की क्वीनची चाल बहुधा तोफेपर्यंत पोहोचत नाही.

सुरुवातीच्या काळात तोफेत दारूगोळा पुन्हा भरावा लागे आणि त्यासाठी संसाधने खर्च होत. पुढे ही अट काढण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या सतराव्या टाऊन हॉलमध्ये ईगल आर्टिलरी टाऊन हॉलमध्येच विलीन होते आणि त्यातून इन्फर्नो आर्टिलरी तयार होते. त्याखालील, अकराव्या ते सोळाव्या पातळीच्या गावांत ती पूर्वीप्रमाणेच स्वतंत्र तोफ म्हणून राहिली.