ब्रेकच्या नळीतील चमचाभर हवा

जुन्या हलक्या ट्रकचे ब्रेक पॅडल पायाखाली स्पंजासारखे दबू लागले, की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो ‘हवा काढून घ्या’ असा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. कारण बंद नळ्यांमध्ये शिरलेली हवा कोठून शिरली, हे शोधल्याखेरीज दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पायाचा जोर पॅडलशी जोडलेल्या मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यावर (पिस्टनवर) येतो आणि पास्कलच्या नियमानुसार तेथील दाब ब्रेक ऑइलमार्फत प्रत्येक चाकातील छोट्या व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो. तो ब्रेकचे घर्षणपट्टे, म्हणजे लायनर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबतो. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. मास्टर सिलिंडरचा व्यास २५ मिलिमीटर धरला, तर नळीतील चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, हवा दाबण्यातच दट्ट्याची सुमारे १ सेंटिमीटर चाल संपते. पॅडलची तरफ पाचास एक असेल, तर पाऊल ५ सेंटिमीटर फुकट खाली जाते.

हवा काढायला दोन माणसे लागतात. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे ते मागचे डावे चाक असते. व्हील सिलिंडरच्या निपलला, म्हणजे हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीतील ब्रेक ऑइलमध्ये बुडवतात. गाडीत बसलेला माणूस पॅडल दाबून धरतो, चाकाजवळचा निपल सैल करतो, ऑइलबरोबर बुडबुडे येतात, निपल आवळला जातो आणि मगच ‘सोड’ अशी हाक येते. हा क्रम चुकला, तर सुटणारे पॅडल निपलच्या आट्यांमधून हवा परत आत ओढते. मास्टर सिलिंडरच्या टाकीतील ब्रेक ऑइलही मधूनमधून भरावे लागते.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्यावी. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे तेथे गंज धरतो. पॅडल तळापर्यंत दाबले, की दट्ट्यावरील, ऑइल अडवणाऱ्या रबरी कपाची नाजूक कड त्या गंजावर घासून फाटते. म्हणून पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा.

मग गळती शोधावी. व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलल्यावर आत ओल दिसली, तर कप गेलेले आहेत. ऑइलने भिजलेले लायनरही बदलावेत. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी नळ्या क्लिपखाली गंजतात, तेथे बोट फिरवून पाहावे. टाकीत इंजिन ऑइल कधीही घालू नये, त्याने रबर फुगते.

ऑइलचे वयही महत्त्वाचे. नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ या प्रमाणित प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाट उतरताना तापलेल्या ड्रमजवळ अशा ऑइलची वाफ होते आणि पॅडल खाली जाते. ब्रेक थंड झाल्यावर मात्र सारे पूर्ववत वाटते, त्यामुळे दोष गॅरेजात सापडत नाही.

शेवटी पॅडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कोठेही थेंब नसेल, तर मास्टर सिलिंडरच उघडावा लागतो.