एक्झॉन वाल्डिझ : सगळं खापर एकट्या कॅप्टनवर?

‘दारू प्यायलेल्या कॅप्टनने जहाज खडकावर घातलं’, एक्झॉन वाल्डिझची गोष्ट आजही अशीच सांगतात. ती अर्धीमुर्धीच खरी आहे.

24 मार्च 1989 ला मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत अलास्कातल्या ब्लाय रीफवर हे टँकर आदळलं आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. त्या वेळी कॅप्टन जोसेफ हेझलवूड ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, नव्हतेच, आपल्या केबिनमध्ये होते. जहाज थर्ड मेटच्या, म्हणजे हाताखालच्या एका अधिकाऱ्याच्या, हाती होतं. त्या संध्याकाळी कॅप्टन प्यायले होते हे खरं. पण नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने 1990 मध्ये त्यांना सोडलं. निष्काळजीपणे तेल सांडल्याचा किरकोळ गुन्हा तेवढा सिद्ध झाला.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कॅप्टनच्या दारूवर बोट ठेवलंच. पण त्याच यादीत थर्ड मेटचा थकवा होता, पुरेसे आणि विश्रांती घेतलेले खलाशी न देणारी जहाजाची मालक तेल कंपनी एक्झॉन होती आणि जहाजांवर नीट नजर न ठेवणारं कोस्ट गार्डही होतं. म्हणजे सरकारसुद्धा!

त्यानंतरची फजिती तर कॅप्टनच्या माथी मारताच येत नाही. तेल कंपन्यांच्या अलियेस्का या संस्थेच्या आराखड्यात 5 तासांत मदत पोचेल असं लिहिलेलं, आणि राज्य सरकारने तो मंजूरही केलेला. प्रत्यक्षात मदतीचा बार्ज (साहित्य नेणारी सपाट बोट) दुरुस्तीला काढलेला होता. साहित्य पोचायला 12 तासांहून जास्त लागले.

ज्यूरीने 1994 मध्ये एक्झॉनला ठोठावलेला 5 अब्ज डॉलरचा दंडही सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सुमारे 50 कोटींवर आणला.