व्हल्कनच्या भट्टीतला गंधक

हायवेला टायरच्या दुकानावर ‘व्हल्कनायझिंग’ अशी पाटी दिसते. या शब्दात एक रोमन देव आहे. व्हल्कन, आगीचा आणि लोहारकामाचा देव.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. त्यात गंधक घालून तापवलं की ते लवचीक राहतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळलं. रबराचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या, एकमेकींवरून घसरणाऱ्या. गंधकाचे अणू त्यांना जागोजागी टाके घालतात. त्यामुळे ताणलेलं रबर सोडलं की मूळ आकारात परततं. इंग्लंडमध्ये याच कृतीचं पेटंट घेणाऱ्या थॉमस हॅनकॉक यांना त्यांचे मित्र विल्यम ब्रॉकडन यांनी नाव सुचवलं: व्हल्कनायझेशन. मला हे नाव फार चपखल वाटतं, कारण आग आणि गंधक ही जोडी व्हल्कनच्या घरचीच.

ते घर म्हणजे इटलीतल्या सिसिलीच्या उत्तरेचं व्हल्कानो बेट. तिथला धूर व्हल्कनच्या भट्टीचा, असं रोमन लोक मानत. विवराच्या काठावर आजही फटींतून गरम वाफ फुसफुसत असते आणि फटींच्या कडांना गंधकाचे पिवळेधमक स्फटिक धरलेले असतात. ज्वालामुखीला इंग्रजीत ‘व्होल्कॅनो’ म्हणतात, ते या बेटावरूनच.

‘ज्वालामुखी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाव्हा ओकणारं तोंड येतं. इथे मात्र अडचण तोंड बंद होण्याची आहे. इथला शिलारस घट्ट असतो. तो नळीतच थिजून बूच बसतं, खाली वायू कोंडत जातो आणि शेवटी बूच फोडून बाहेर पडतो. पुन्हा नवं बूच, पुन्हा स्फोट. ऑगस्ट १८८८ ते मार्च १८९० हेच चाललं होतं. इटालियन ज्वालामुखीतज्ज्ञ ज्युसेप्पे मेरकाल्ली यांनी त्याचं बारकाईनं वर्णन केलं आणि अशा उद्रेकांना ‘व्हल्कनियन’ हे नाव मिळालं.

तेव्हा उडालेले दगड अजून विवराभोवती पडलेले आहेत. भट्टीतल्या पावासारखी त्यांची साल भेगाळलेली असते. हवेत उडताना बाहेरचा थर झटकन गार होऊन कडक झाला, आतला रस मात्र तापलेलाच होता. त्यातले वायू फुगत राहिले आणि साल तडकली. भेगेतून आत पाहिलं तर दगड पावाइतकाच जाळीदार दिसतो.