हार्डडिस्क डिटेक्ट न होणे

लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, पडद्यावर कंपनीचे चिन्हही उमटते, पण माहिती साठवणारी ड्राइव्ह मात्र यंत्राला सापडत नाही. या बिघाडाला दुरुस्तीच्या धंद्यात ‘हार्डडिस्क डिटेक्ट होत नाही’ असे म्हणतात. आत फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असो की चिपांची एसएसडी, बोलताना दोघींनाही हार्डडिस्कच म्हटले जाते. काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असा संदेश येतो. एचपीच्या लॅपटॉपवर त्यासोबत ‘३एफ०’ हा सांकेतिक क्रमांकही दिसतो. नाशिकमध्ये असे यंत्र एमजी रोडवरच्या काउंटरवर येते ते बहुतेकदा ‘विंडोज उडाली, टाकून द्या’ अशा निरोपासह. या निरोपातच धोका आहे. बिघाडाने जेवढा डेटा जातो, त्याहून जास्त घाईघाईने विंडोज टाकल्याने जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निदानाची सुरुवात एकाच प्रश्नाने होते : बायोसमध्ये दिसते का? बायोस (नव्या यंत्रांत यूईएफआय) हा मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये राहणारा प्रोग्रॅम. बटण दाबले की विंडोजच्या आधी तो जागा होतो आणि जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हला तिचे नाव व क्षमता विचारतो. उत्तर आले तर ड्राइव्ह यादीत दिसते. हा पडदा उघडण्यासाठी बहुतेक डेल, एसर, असुस व लेनोवो यंत्रांत सुरू होतानाच एफ२ दाबतात, एचपीमध्ये एफ१०. यादीत नाव आणि बरोबर क्षमता असेल, तर जोडणी शाबूत आहे; दोष बूट फाइलींत (विंडोज सुरू करणाऱ्या), पार्टिशनमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या विभागणीत) किंवा बूटच्या क्रमात शोधायचा. नावच नसेल, तर विंडोजचा पेनड्राइव्ह लावून काही होणार नाही. तिथे स्क्रू ड्रायव्हरचे काम सुरू होते.

याला एक फसवा अपवाद आहे. २०२० मध्ये आलेल्या अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू ठेवलेली असते. ती एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडीचा नवा, वेगवान प्रकार) आणि विंडोज यांच्यामध्ये उभी राहते. परिणामी बायोसला ड्राइव्ह दिसते, पण विंडोज टाकायला बसले की यादी रिकामी. नवी कोरी एसएसडी खराब म्हणून परत गेल्याचे प्रकार यातूनच घडतात. उपाय सोपा आहे : इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ या पर्यायातून दाखवायचा. काहीजण बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीच बंद करतात. कोऱ्या यंत्रात ते चालते; आधीच विंडोज असलेल्या यंत्रात मात्र पुढच्याच वेळी निळा पडदा आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ पदरी पडते. जुन्या यंत्रांत एएचसीआय आणि रेड या ड्राइव्ह हाताळण्याच्या दोन सेटिंगांची अदलाबदल केली की हेच होते. बायोस रिसेट केल्यावर किंवा त्याची बटणसेलाची बॅटरी संपल्यावर ही सेटिंग आपोआप बदललेली असू शकते, म्हणून ‘मी काहीच केले नाही’ हे गिऱ्हाइकाचे म्हणणे खरे मानून चालावे.

बायोसमध्येही नाव नसेल तर पहिली शंका जोडणीची. चार्जर काढायचा, मागचे झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरायचे, म्हणजे बोर्डात उरलेला विद्युतभार निघून जातो. एम.२ प्रकारची एसएसडी ही २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी असते. टोकाचा एकच बारीक स्क्रू काढला की ती आपोआप तिरपी उभी राहते. ती त्याच कलात सरळ ओढून काढायची, सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे (काउंटरवर हे काम पांढऱ्या खोडरबरानेही होते, मात्र त्याचा चुरा सॉकेटात राहता कामा नये), मग तिरपीच आत सरकवायची, दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत. त्यानंतरच खाली दाबून स्क्रू लावायचा. अर्धी बसलेली पट्टी स्क्रूने दाबली तर वरून सगळे ठीक दिसते, आणि ड्राइव्ह गप्प राहते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसाळी दमटपणात वापरलेल्या यंत्रांत या दातांवर काळपट थर धरलेला आढळू शकतो. अशा वेळी एवढ्या पुसण्यानेही काम होते.

एम.२ हे आकाराचे नाव आहे, भाषेचे नाही. त्याच आकारात साटा (ड्राइव्ह जोडण्याची जुनी, संथ पद्धत) बोलणाऱ्या पट्ट्या येतात आणि एनव्हीएमई बोलणाऱ्याही. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या खोबणीत बसतेही, पण खोबणीला साटा कळत नसेल तर ती कधीच दिसणार नाही. एसएसडी घेण्याआधी मॉडेल क्रमांकावरून हे तपासावे.

अडीच इंची साटा ड्राइव्ह अनेक यंत्रांत थेट बोर्डावर न बसता एका पातळ पट्टी केबलने जोडलेली असते. धंद्यात तिला फ्लेक्स म्हणतात. घडीच्या जागी तिच्यातली तार तुटते आणि ड्राइव्ह कधी दिसते, कधी नाही. ड्राइव्ह काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या यंत्राला लावावी : तिथे दिसली तर दोष फ्लेक्सचा किंवा बोर्डाचा, तिथेही नाही तर ड्राइव्हचाच. साटा आणि एनव्हीएमईची केसिंग वेगवेगळी असतात.

फिरत्या हार्डडिस्कचे दुखणे निराळे. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते आणि वाचणारे डोके तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. झाकण मिटले, पण यंत्र अजून झोपी गेलेले नाही, तोच बॅग पायापाशी ठेवून स्कूटरवरून अंबडहून नाशिक रोडपर्यंत खड्ड्यांतून नेले, तर डोके तबकडीला घासण्याची पुरती सोय होते. अशी ड्राइव्ह सुरू केली की ‘टिक्, टिक्, टिक्’ असा ठराविक अंतराने आवाज येतो : डोके आपली जागा शोधते, सापडत नाही, परत फिरते. हा आवाज ऐकताच वीज बंद करावी. प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर ओरखडा वाढत जातो. फ्रीजमध्ये ठेवल्याने ड्राइव्ह चालू होते हा समज जुना आहे. बाहेर काढल्यावर तबकडीवर बाष्प धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

एसएसडी मुकाट्याने जाते. कधी ती दिसते, पण नाव आणि क्षमता चुकीची सांगते. ‘साटाफर्म एस११’ हे असेच एक कुप्रसिद्ध नाव. मूळ मॉडेलऐवजी हे दिसले तर तिचा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) आपले फर्मवेअर (स्वतःचा मूळ प्रोग्रॅम) वाचू शकलेला नाही, असे समजावे. चिपांत डेटा बहुधा तसाच असतो, पण तो काढणे घरगुती काम नाही.

आता डेटाविषयी. जानेवारी ते एप्रिल हा निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षनिर्यातीचा हंगाम. प्लॉटची नोंद ग्रेपनेट या निर्यात-द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत सुरक्षित असते. पण बागायतदाराची फवारणीची तारीखवार एक्सेल, पॅकहाऊसचे हिशेब आणि मजुरांचे पगार त्याच्या लॅपटॉपवरच असतात. ड्राइव्ह एखाद्या क्षणी दिसू लागली आणि विंडोजने ‘डिस्क इनिशिअलाइज करायची का’ किंवा ‘फॉरमॅट करायची का’ असे विचारले, तर उत्तर नाही असेच द्यायचे. हार्डडिस्कवर फॉरमॅटनंतरही बरेच काही परत मिळते. एसएसडीवर तसे नाही : फॉरमॅट होताच ट्रिम ही आज्ञा जाते आणि ड्राइव्ह त्या जागा स्वतःच रिकाम्या करू लागते. त्यानंतर कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर सहसा कामी येत नाही. दिसणारी पण अडखळणारी ड्राइव्ह असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून डीडीरेस्क्यू या नक्कल घेणाऱ्या प्रोग्रॅमने तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करावेत.

विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत बिटलॉकरचे (ड्राइव्हवरचा डेटा सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे) कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. ड्राइव्ह केसिंगमध्ये घातली किंवा बायोसची सेटिंग बदलली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. म्हणून यंत्र उघडण्याआधीच त्या खात्याचा पासवर्ड आठवतो का, हे विचारून घ्यावे. काही पातळ लॅपटॉपांत आणि नव्या मॅकबुकांत साठवणुकीच्या चिपा बोर्डालाच डाक दिलेल्या असतात. तिथे काढून बघण्यासारखी ड्राइव्हच नसते, आणि बोर्डाची दुरुस्ती हाच डेटाचा मार्ग उरतो.

डोके बदलण्यासारखे काम धूळरहित खोलीतच होते आणि त्यासाठी त्याच मॉडेलची दुसरी ड्राइव्ह लागते. नुसता बाहेरचा सर्किट बोर्ड बदलून भागत नाही, कारण त्या विशिष्ट ड्राइव्हची जुळणी त्यावरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. ती चिपही नव्या बोर्डावर न्यावी लागते. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जाऊ शकतो. म्हणून यंत्र काउंटरवर देताना जमापावतीवर ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे लिहून घ्यावे, आणि ड्राइव्ह बदलली तर जुनी ड्राइव्ह परत मागून घ्यावी.