आज रात्री मोबाइल बंद ठेवू नका

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. 'आज रात्री १२.३० ते ३.३० कॉस्मिक किरण पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा.' खाली दाखल्याला नासा आणि बीबीसी. बरीच वर्षं हा मेसेज फिरतोय, पण त्यातली ती 'आज रात्र' काही सरत नाही.

गंमत म्हणजे किरण येतात हे खरंच आहे. फक्त ते साडेबाराची वाट बघत नाहीत आणि जवळूनही जात नाहीत, थेट आपल्यातून आरपार जातात. तळहात आडवा धरा. मिनिटाला साधारण शंभर म्युऑन त्यातून निघून जातात, तेही डोक्यावरचे स्लॅब भेदून.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण सुमारे २०७ पट जड कण. कॉस्मिक किरण म्हणजे मुख्यतः अंतराळातले प्रोटॉन. ते हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात आणि पायॉन मोडून म्युऑन. हे सगळं १५ किलोमीटर उंचीच्या आसपास घडतं. मूळ प्रोटॉन बहुधा स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून निघतात. पण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते इतके भरकटतात की आपल्याकडे जवळपास सगळ्या दिशांनी सारखेच येतात. आपला पत्ता घेऊन कोणी निघालेलं नसतं.

आता माझ्या आवडीचा भाग. जागेवर थांबलेला म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात कापणार ६६० मीटर. म्हणजे मुंबईच्या लोकलने सीएसएमटीहून सुटलेल्याने पुढचं मस्जिद स्टेशन यायच्या आतच संपायचं, आणि हा पठ्ठ्या १५ किलोमीटरवरच्या कुर्ल्याला उतरतो! काही म्युऑन सरासरीहून जास्त जगतात, कबूल. पण १५ किलोमीटर म्हणजे जवळजवळ २३ आयुष्यं, आणि दर आयुष्यागणिक ३७ टक्केच उरतात. २३ वेळा ३७ टक्के करत जा; अब्जात एकही खाली पोचायला नको.

तरी पोचतात, कारण आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार प्रकाशाच्या ९९.९ टक्के वेगाने जाणाऱ्या म्युऑनचं घड्याळ आपल्या हिशेबाने २२ पट सावकाश चालतं. ६६० गुणिले २२, साधारण साडेचौदा किलोमीटर. (वाटेत हवेत थोडी ऊर्जा जाते, ते बाजूला ठेवू.) पण म्युऑनच्या बाजूने बघा. त्याचं घड्याळ अगदी बरोबर आहे. धावतेय ती पृथ्वी, आणि समोरून येणारा तो १५ किलोमीटरचा हवेचा थर २२ पटींनी आखडून ७०० मीटरही उरलेला नाही. मग खरं कोणाचं? दोघांचंही. कोपर्निकसने पृथ्वीला मध्यावरून उठवलं हे आपण शाळेत शिकतो. इथे आपल्या घड्याळाचाही मान गेला, आणि मला तर हा धक्का त्याहून मोठा वाटतो.

हे म्युऑनवरून पडताळता येईल, हे १९३८ मध्ये ज्यांनी लिहिलं, ते मुंबईचेच होमी भाभा, तेव्हा केंब्रिजमध्ये होते. कण वेगात असला की त्याचं आयुष्य वाढलेलं दिसेल, असं त्यांचं म्हणणं. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत वेगवेगळ्या उंचीवर मोजणी करून ते दाखवलं.

'कॉस्मिक एनर्जी' ओढून घेणारे तांब्याचे पिरॅमिड विकणाऱ्यांना यातलं काहीच नको असतं, नुसतं नाव हवं असतं. जो कण काँक्रीटला जुमानत नाही, तो तुमच्या टीपॉयवरच्या पिरॅमिडपाशी कशाला थांबेल?

म्युऑनचा खरा उपयोग बघायचा तर कुलाब्याच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) उटीला चालवलेला, कॉस्मिक किरण मोजणारा ग्रेप्स-३ प्रयोग बघा. १ डिसेंबर २०१४ रोजी तिथे डोक्यावर वादळी ढग आला आणि म्युऑनची मोजणी जराशी घसरली. ढगातल्या विद्युतक्षेत्राने त्यांची ऊर्जा बदलली होती. त्या घसरणीवरून उलटा हिशेब मांडून २०१९ मध्ये संशोधकांनी ढगातला विद्युतदाब सांगितला: सुमारे १३० कोटी व्होल्ट.